पूल टेबलची पॉकेट्स आवळावीत किती?

वालावल (ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग), विशेष प्रतिनिधी : मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमान्यांची घरे भरली, की वालावलच्या पडव्यांमधून कॅरमचे बोर्ड बाहेर निघतात. लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळच्या तळ्याकाठी संध्याकाळचा वारा सुटेपर्यंत स्ट्रायकरची टकटक थांबत नाही. अशाच एका पडवीत मुंबईच्या उपनगरात शिकणारा एक तरुण आपली कैफियत मांडत होता. कॉलेजजवळच्या पार्लरमध्ये तो रोज पूल खेळतो आणि तिथे त्याला सहसा कोणी हरवत नाही. मात्र पहिल्याच स्पर्धेत त्याचे चेंडू पॉकेटच्या तोंडाशी खडखडून बाहेर आले आणि तो पहिल्या फेरीतच गारद झाला. "टेबलच वाईट होतं, आजोबा," असे त्याचे म्हणणे. आजोबांनी बोर्डावरची नजर न उचलताच उत्तर दिले, "झिला, होल मोठो आसलो की सगळेच शाणे!"

आजोबांनी एका वाक्यात जे सांगितले, त्यावर जगभरातील पूल खेळाडू, टेबल बनविणारे कारागीर आणि पार्लरचालक अनेक वर्षे वाद घालीत आले आहेत. पॉकेट मोठे असावे की लहान? लहान करावयाचे असल्यास ते कसे करतात? आणि पॉकेट आवळले म्हणजे खेळ सुधारतोच काय? हे सारे समजून घ्यावयाचे तर आधी पॉकेट म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे.

पॉकेटची रचना

पूलच्या टेबलाला सहा पॉकेट्स असतात. चार कोपऱ्यांत आणि दोन लांब बाजूंच्या मध्यावर. चेंडू ज्यावर आपटून परत येतो ती रबराची कुशन कडेच्या लाकडी रेलला चिकटविलेली असते आणि तिच्यावर कापड ताणून बसविलेले असते. पॉकेटजवळ ही कुशन तिरकी कापतात. या कापलेल्या तोंडावर रबराची एक पातळ, पण कुशनपेक्षा कडक अशी पट्टी चिकटवितात. तिला फेसिंग म्हणतात. चेंडू पॉकेटच्या जबड्यावर आदळतो तेव्हा तो आघात ही पट्टी झेलते.

पॉकेटचे माप घेताना समोरासमोरच्या दोन कुशनांच्या टोकांमधील अंतर मोजतात. हे झाले पॉकेटचे तोंड. तोंडातून आत गेल्यावर दोन्ही फेसिंग एकमेकींच्या जवळ येत जातात, म्हणून घसा तोंडापेक्षा अरुंद असतो. तोंडापासून प्रत्यक्ष खड्ड्याच्या कडेपर्यंत टेबलाचा जो भाग उरतो, त्याला शेल्फ म्हणजे फळी असे नाव आहे. तोंड, घसा व फळी या तिघांचे एकमेकांशी जमले, तरच पॉकेट चांगले ठरते.

जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड साडेचार ते चार पूर्णांक पाच अष्टमांश इंच, तर मधल्या पॉकेटचे तोंड पाच ते सव्वापाच इंचांच्या आत, म्हणजे पाच पूर्णांक एक अष्टमांश इंचापर्यंत असावे लागते. कोपऱ्यात फेसिंग १४२ अंशांच्या कोनात, तर मध्यावर १०४ अंशांच्या कोनात कापलेले असावे व त्यात एका अंशाहून अधिक फरक पडू नये, असेही बंधन आहे. मधले पॉकेट मोठे ठेवण्यामागे कारण आहे. कोपऱ्यातील पॉकेटकडे चेंडू कुशनच्या कडेकडेनेही जाऊ शकतो. मधल्या पॉकेटला ती सोय नाही. तेथे चेंडू बऱ्यापैकी समोरूनच यावा लागतो.

पूलचा चेंडू सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. अशा दोन चेंडूंची बेरीज ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच होते. त्यामुळे टेबल पारखण्याची एक सोपी कसोटी कोणालाही करता येते. कोपऱ्यातील पॉकेटच्या तोंडाशी दोन चेंडू शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. ते जेमतेम बसले तर पॉकेट साडेचार इंचांचे. बाजूला बोटभर जागा उरली, तर पॉकेट सैल आहे असे खुशाल समजावे.

अर्ध्या इंचाचे गणित

सैल पॉकेट आणि आवळ पॉकेट यांतील फरक बहुधा अर्ध्या इंचाचाच असतो. तेवढ्याने असे काय बिघडते, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर साध्या भूमितीत सापडते.

चेंडू पॉकेटच्या अगदी समोरून येत असेल, तर तोंडाच्या रुंदीतून चेंडूचा व्यास वजा केला की चुकीला उरलेली जागा मिळते. पाच इंचांच्या पॉकेटमध्ये ही जागा सुमारे ७० मिलिमीटर, साडेचार इंचांत ५७ आणि चार इंचांत ४४ मिलिमीटर भरते. म्हणजे पाचवरून साडेचारवर आल्यास सुमारे १८ टक्के आणि तेथून चारवर आल्यास आणखी २२ टक्के जागा कमी होते.

कुशनला चिकटून कडेकडेने येणाऱ्या चेंडूची गोष्ट वेगळी आहे. त्याला पॉकेटचे तोंड तिरके दिसते आणि पलीकडचा जबडा वाटेत येऊ पाहतो. पलीकडच्या जबड्याला न लागता आत जाण्यासाठी त्याच्याजवळ पाच इंचांच्या पॉकेटमध्ये सुमारे ३३ मिलिमीटर, साडेचार इंचांत २४ आणि चार इंचांत अवघे १५ मिलिमीटर उरतात. साडेचारवरून चारवर येताना ही जागा जवळजवळ ३८ टक्क्यांनी आटते. पॉकेट आवळले की सरळ फटके थोडे अवघड होतात, पण कडेचे फटके फारच अवघड होतात. आपल्या तरुण मित्राचे चेंडू जबड्यात खडखडले, ते अशाच फटक्यांवर असण्याचा संभव अधिक.

नेम किती अचूक हवा, याचाही अंदाज बांधता येतो. पॉकेट साडेचार इंचांचे आणि चेंडू त्यापासून एक मीटरवर असेल, तर त्याची दिशा दोन्ही बाजूंना सुमारे दीड अंशापर्यंत चुकली तरी चालते. खेळाडू मात्र तो चेंडू थेट मारीत नाही, पांढऱ्या चेंडूने मारतो. पांढरा चेंडू आणखी एक मीटर मागे असेल, तर त्याच्या दिशेतील चूक समोरच्या चेंडूत सोळा-सतरा पटींनी वाढून उतरते. म्हणजे क्यूचा नेम एका अंशाच्या दहाव्या भागाइतका अचूक लागतो. इतक्या बारीक नेमाच्या खेळात अर्धा इंच ही क्षुल्लक गोष्ट राहत नाही.

या संदर्भात कॅरमकडे पाहणे उद्बोधक ठरेल. स्पर्धेच्या कॅरम बोर्डाचे होल साधारण ४४.५ मिलिमीटर व्यासाचे, तर सोंगटी ३०.२ ते ३१.८ मिलिमीटरची असते. होल सोंगटीच्या दीडपटीहूनही लहान. पूलमध्ये साडेचार इंचांचे पॉकेट चेंडूच्या बरोबर दुप्पट असते. स्नूकरचा चेंडू ५२.५ मिलिमीटरचा आणि कोपऱ्यातील पॉकेट साधारण साडेतीन इंचांचे, म्हणजे दुपटीहून बरेच कमी. सोंगटी खाली घसरते व चेंडू गडगडतो, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. तरीही कॅरमवर हात बसलेल्या घरातील आजोबांना नातवाचे पॉकेट प्रशस्त का वाटले, हे त्यावरून उमगते.

आवळण्याच्या तीन पद्धती

पॉकेट लहान करण्याचे तीन मार्ग रूढ आहेत.

पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तोंडाशी बसविता येणारे रबराचे सुटे तुकडे. सरावापुरते ते बसवावेत आणि नंतर काढून ठेवावेत. टेबलाला धक्का लागत नाही, खर्चही थोडा. मात्र चेंडू या तुकड्यांवर आदळून ज्या तऱ्हेने उडतो, ती खऱ्या पॉकेटची तऱ्हा नसते. नेम पक्का करण्यासाठी त्यांचा उपयोग आहे, सामन्यासाठी नाही.

दुसरा मार्ग फेसिंगची जाडी वाढविण्याचा. कारागीर टेबलाखालचे बोल्ट सैल करून रेल उतरवितो, पॉकेटजवळच्या कापडाच्या पिना उपसून कापड मागे दुमडतो आणि जुने फेसिंग खरवडून काढतो. मग अधिक जाड पट्टी, किंवा मूळ पट्टीखाली पाचरीसारखी आणखी एक पट्टी, चिकटद्रव्याने बसवितो. ती पुरती वाळल्यावर कुशनच्या आकाराबरहुकूम कापून घासून घेतो, कापड पुन्हा ताणून सुरकुती न पडू देता दुमडतो आणि रेल पूर्ववत आवळतो. दोन्ही बाजूंना एक अष्टमांश इंचाची भर घातली, तर तोंड पाव इंचाहून किंचित अधिक लहान होते. तिरक्या कापामुळे पट्टीच्या जाडीपेक्षा थोडा जास्त परिणाम दिसतो.

या पद्धतीला नियमांची मर्यादा आहे. फेसिंगची जाडी एक षोडशांश इंचापेक्षा कमी आणि पाव इंचापेक्षा जास्त नसावी, आणि प्रत्येक बाजूला एक अष्टमांश इंचाहून अधिक नसलेली बरी, असे जागतिक संघटना सांगते. पट्टीवर पट्टी चढवीत गेल्यास जबड्याशी रबराचा जाड थर जमतो. चेंडू त्यावर आदळला की आत वळण्याऐवजी उसळी घेतो. नीट मारलेला चेंडूही मग पॉकेट थुंकून टाकल्यासारखे बाहेर फेकते.

तिसरा मार्ग खर्चाचा, पण खरा. यात रेलचे लाकूडच लांबवितात. जुनी कुशन काढून टाकून रेलच्या टोकाला त्याच जातीच्या टणक लाकडाचा ठोकळा चिकटवितात. तो नियमाच्या कोनात कापतात, त्यावर नवी लांब कुशन बसवितात आणि शेवटी पातळ फेसिंग लावतात. असे केल्याने पॉकेट अरुंद होते, पण जबड्याच्या मागे रबराऐवजी भरीव लाकूड राहते. चेंडूचा आघात जसा झेलला जावा तसाच झेलला जातो. हे काम घरगुती हत्यारांनी होणारे नव्हे. कोन एका अंशाने चुकला, तर सहा पॉकेट्स सहा तऱ्हांनी वागू लागतात.

कोणतीही पद्धत निवडली, तरी कापड बदलण्याच्या वेळीच हे काम उरकणे शहाणपणाचे. रेल उतरवावीच लागते, कापड काढावेच लागते, मग त्याच मजुरीत फेसिंगही होऊन जाते. नव्याने ताणलेले कापड केवळ पॉकेटसाठी उसवले, तर ते पूर्वीसारखे बसेलच याची खात्री नसते.

कोठे बिघडते?

पॉकेट आवळताना बहुतेकांची चूक एकच होते. तोंड मोजले जाते आणि घसा विसरला जातो. तोंड साडेचार इंचांचे, पण आतला घसा फार अरुंद असेल, तर चेंडू दोन्ही जबड्यांमध्ये घडाळ्याच्या लंबकासारखा हलत राहतो आणि तिथेच थांबतो. उलट घसा तोंडाइतकाच रुंद ठेवला, तर अरुंद दिसणारे पॉकेट प्रत्यक्षात उदार वागते. फळीची खोलीही महत्त्वाची. फळी खोल असली, म्हणजे जबड्याला लागलेल्या चेंडूला आत घरंगळण्यापूर्वी बाहेर निसटण्याची संधी मिळते. म्हणूनच साडेचार इंचांची दोन पॉकेट्स एकसारखी अवघड असतीलच असे नाही.

दुसरी चूक मधल्या पॉकेट्सच्या बाबतीत होते. कोपरे आवळले म्हणून मधलीही त्याच प्रमाणात आवळली जातात. मधल्या पॉकेटमध्ये तिरक्या चेंडूला आधीच कमी वाव असतो. ते अधिक लहान केले, की खेळाडू त्याच्याकडे वळणेच सोडून देतात आणि सहा पॉकेट्सचा खेळ चार पॉकेट्सचा होऊन बसतो.

तिसरी गोष्ट कोकणासारख्या प्रदेशात विशेष ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे हवेतील ओल. टेबलाचा दगडी पाट पावसाने हलत नाही, पण लाकूड फुगते, कापड ओल धरते आणि चेंडूचा वेग मंदावतो. ओलसर हवेत चिकटद्रव्यही नीट वाळत नाही. पावसाळ्यात बसविलेले फेसिंग दिवाळीपर्यंत सुटून येऊ शकते. म्हणून किनारपट्टीवर हे काम कोरड्या दिवसांत करावे आणि पाऊस सरल्यावर रेलचे बोल्ट एकदा तपासून घ्यावेत. जबडा सैल असलेले पॉकेट कितीही अरुंद केले, तरी भरवशाचे राहत नाही.

मापाला मान

पॉकेटच्या मापाला किती किंमत असते, हे स्नूकरच्या इतिहासातील एका प्रसंगावरून कळते. जानेवारी १९७९ मध्ये इंग्लंडमधील स्लाउ येथे जॉन स्पेन्सर या माजी विश्वविजेत्याने एका स्पर्धेत १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक नोंदविला. एक तर तो दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात आला नाही, कारण छायाचित्रण करणारे त्या वेळी विश्रांतीला गेले होते. दुसरे म्हणजे त्या टेबलाची पॉकेट्स ठरलेल्या मापापेक्षा मोठी निघाली, त्यामुळे त्या ब्रेकला अधिकृत मान्यता मिळाली नाही. तीन वर्षांनी, १९८२ मध्ये, दूरचित्रवाणीवरचा पहिला १४७ स्टीव्ह डेव्हिसच्या नावावर लागला. त्या सामन्यात प्रतिस्पर्धी म्हणून खुर्चीत बसले होते ते स्पेन्सरच!

अमेरिकेत विली मोस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे न चुकता सलग ५२६ चेंडू पॉकेट केले. हा विक्रम साठ वर्षांहून अधिक काळ टिकला. त्याचे कौतुक करतानाच जाणकार एक तळटीप जोडत आले, की ते टेबल आठ फुटी होते आणि त्याची पॉकेट्स सव्वापाच इंचांची होती. २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी नऊ फुटी टेबलावर ६२६ चेंडूंची मजल गाठून तो आकडा ओलांडला आणि पुढे तोही मागे पडला. मोस्कोनी यांच्या थोरवीला यामुळे बाध येत नाही. परंतु आकडा कोणत्या मापावर उभा आहे, हे सांगितल्याखेरीज तो पुरा होत नाही.

महाराष्ट्राला या खेळांचा वारसा जुना आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकाता येथे हौशी बिलियर्ड्सचे विश्वविजेतेपद मिळविले, तेव्हा ते वैयक्तिक खेळात विश्वविजेते ठरलेले पहिले भारतीय होते. मुंबईकर मायकेल फरेरा यांनी १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक करून हौशी खेळाडूंमध्ये हजाराची वेस प्रथम ओलांडली. पुण्यातच जन्मलेल्या पंकज अडवाणी यांनी तर पुढे बिलियर्ड्स आणि स्नूकर या दोन्ही खेळांत विश्वविजेतेपदांची रास रचली. बिलियर्ड्स आणि स्नूकर हे मापाच्या शिस्तीत वाढलेले खेळ. पूल आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो मुख्यतः शहरांतील पार्लरमधून, करमणूक म्हणून. त्यामुळे त्या शिस्तीची सवय त्याला उशिराच लागते आहे.

पार्लरचे अर्थकारण

पार्लरचालकाने पॉकेट्स सैल ठेवली, म्हणून त्याला दोष देणे योग्य नव्हे. संध्याकाळी चार मित्र मौजेखातर येतात. त्यांतील तिघांनी क्यू पूर्वी कधी हातात धरलेला नसतो. चेंडूच जात नाहीत असे दिसले, तर ते दुसऱ्यांदा येणार नाहीत. फ्रेममागे पैसे घेणाऱ्यालाही डाव लवकर संपणे फायद्याचे असते. सैल पॉकेट नवख्याला खेळाची गोडी लावते, हे नाकारता येणार नाही.

अडचण उद्भवते ती त्याच टेबलावर वर्षानुवर्षे सराव करणाऱ्याची. मोठे पॉकेट चूक पोटात घालते आणि खेळाडूला आपली चूक दिसतच नाही. चेंडू आत गेला एवढ्यावर तो समाधान मानतो. तो मध्यातून गेला की जबड्याला घासून गेला, याचा हिशेब ठेवीत नाही. गेल्या काही वर्षांत व्यावसायिक नाइन-बॉलच्या काही मोठ्या स्पर्धांत चार इंचांपर्यंत आवळलेली पॉकेट्स वापरली गेली. तेथील खेळाडूंचा नेमच इतका पक्का झाला आहे, की साडेचार इंचांत त्यांच्यातला फरक पुरेसा दिसेना. याचा अर्थ प्रत्येक पार्लरने चार इंचांवर जावे असा मुळीच नाही. पाच-सहा टेबले असलेल्या चालकाने त्यांतील एक साडेचार इंचांचे करून ठेवावे, त्यावर तसे स्पष्ट लिहावे आणि सराव करणाऱ्यांना ते द्यावे, इतके त्याला सहज करता येईल.

ज्यांच्या घरी टेबल आहे, त्यांनीही आवळण्याच्या भरीस पडण्यापूर्वी दोन चेंडूंची कसोटी करून पाहावी. पॉकेट साडेचारच्या आसपास असेल आणि तरीही चेंडू सहज जात असतील, तर तो खेळाडूचा गुण मानावा. ते पाच इंचांचे असेल आणि घरात लहान मुले नुकतीच खेळू लागली असतील, तर आणखी एक-दोन वर्षे तसेच राहू द्यावे. स्पर्धेची तयारी करावयाची असेल, तरच कारागिराला बोलवावे, आणि बोलावल्यावर तोंडाबरोबर घसा व कोनही मोजून घ्यावेत.

वालावलच्या पडवीतील तो तरुण दुसऱ्या दिवशी आजोबांसमोर कॅरमला बसला, तेव्हा त्याच्या पहिल्या चार सोंगट्या होलच्या काठावरून परत आल्या. पाचवी मात्र सरळ आत गेली. आजोबांनी या खेपेस मान वर करून पाहिले आणि काही न बोलता बोर्डावर पावडर टाकली. मुंबईला परतल्यावर पार्लरच्या पॉकेटशी दोन चेंडू ठेवून पाहीन, असे तो जाताना म्हणाला. जागा बोटभर उरली, तर त्या टेबलावरच्या आपल्या विजयांचा हिशेब त्याला पुन्हा एकदा मांडावा लागेल.